पोहोच न मिळालेल्या तारा

मोबाइल पालथे घाला आधी सगळ्यांनी. आणि कोणाचं काही खायचं राहिलं असेल तर ते आत्ताच संपवा. नंतर घशाखाली उतरणार नाही, मग मला बोल लावू नका.

ही भुताची गोष्ट आहे का, ते मी सांगत नाही. किळसवाणी आहे, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो. माणूस घाबरला तर पळून तरी जातो. किळस आली की ती त्याच्याबरोबर पळते.

माझा एक मित्र आहे, त्याला आम्ही सगळे टिचक्या म्हणतो. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. जुने म्हणजे तुमच्या जन्माआधीचे, ज्यांचा पडदा ट्रंकेएवढा आणि अक्कल डबीएवढी. मशीन उघडण्याआधी त्याला बोटानं टिचकी मारून बघायची त्याला सवय. बाजारात कलिंगड वाजवून बघतात ना, तशी. हात सोन्याचा, पण नाक फार नाजूक. कोणी शेजारी बसून शिंकलं तरी हा खुर्ची बदलणार. वहिनी म्हणतात, "लग्नात मला नवरा एक मिळाला, आणि त्याचं नाक सांभाळायला वेगळं मिळालं." दोन मशीनच्या मध्ये हा साबणानं हात धुतो. रुमाल दोन बाळगतो, एक घामाचा आणि एक वासाचा.

तर मार्च महिन्यातला शेवटचा शनिवार. संध्याकाळ उलटून गेलेली, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. तेवढ्यात एक बाई वाकून आत आली. चाळिशीची असेल. डोळे असे, की रडून झालंय आणि आता रडायचाही कंटाळा आलाय.

"काका, एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यातलं सगळं मला काढून हवंय. आजच."

"आजच? इतकी वर्षं पडून होता, आणि आज एकदम अंगावर आला?"

"उद्या सकाळी भंगारवाला येतोय. दादा घर रिकामं करतोय."

मग तिनं सांगितलं. वडील तारमास्तर होते. तुम्हाला तार म्हणजे काय ते ठाऊक नसेल. फोन घरोघरी नव्हते तेव्हा निरोप तारेनं जायचा, आणि तो कट्ट कडकट्ट करत पाठवणारा माणूस म्हणजे तारमास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचं वेड घेतलं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. गळ्याला भोक, त्यातूनच श्वास. मग टाइप करूनच बोलायचे.

"मी लांब असते," ती म्हणाली. "मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दादा म्हणतो, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. असेलही. पण रोज काहीतरी लिहिणारा माणूस, आणि दादा म्हणतो शेवटी काहीच लिहिलं नाही, मशीन केव्हाच बंद पडलं होतं. मला फक्त एवढंच कळायला हवंय काका, की ते खरंच शांतपणे गेले. त्याशिवाय मला झोप लागत नाही."

टिचक्या नाही म्हणणार होता. पण असल्या जुन्या मशीनचं नाव काढलं की त्याचा पाय घरी वळत नाही. त्यानं पिशवी भरली आणि निघाला.

घर गावाच्या उतारावरच्या रस्त्याला होतं. एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं औषधाचं दुकान. दार भावानं उघडलं. थोराड माणूस, केस नीट विंचरलेले, अंगाला पावडरचा वास. बायकोमुलं नव्या घरी पुढे गेलेली, हा शेवटचं आवरायला मागे राहिलेला. भिंतींवर खिळे तेवढे उरले होते. स्वयंपाकघरातला बल्बसुद्धा काढून खोक्यात भरला होता. काही माणसं घर सोडताना उजेडही बांधून नेतात.

"काही निघणार नाही त्यातून," भाऊ म्हणाला. "मशीन मेलंय."

"बघतो ना. मेलेलं असलं तर तसं सांगेन."

"बघा. पण खुडबुड नको. मला पहाटे उठायचंय. आणि त्या खोलीत मी येणार नाही हां, मला तो वास सहन होत नाही."

टिचक्याला हा माणूस तेवढ्यापुरता आवडला. नाकं एका जातीची निघाली. भाऊ वर झोपायला गेला, बहीण बाहेरच्या खोलीत उरलेली कपाटं आवरायला बसली आणि टिचक्या वडलांच्या खोलीत शिरला.

शिरला आणि दारातच थांबला.

आता ऐका, मी काही लपवणार नाही. खोली धुतलेली होती, पण वरवर. खाटेवरची गादी टाकून दिली होती, खालच्या पट्ट्या तशाच होत्या. त्या पट्ट्यांवर मधोमध एक डाग होता, माणसाच्या पाठीएवढा, कडेला काळसर आणि मध्ये पिवळा. उशाशी भिंतीवर डोकं टेकून टेकून झालेला तेलकट गोल. कोपऱ्यात झाकण लावलेली बादली, आणि ते झाकण उघडायची कोणाची छाती नव्हती. वास कशाचा होता ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. औषध, कुजलेला कापूस, लघवी आणि या सगळ्यावर मारलेली गुलाबाची फवारणी. तो म्हणतो, गुलाबानंच जास्त मळमळलं.

खाटेजवळच्या टेबलावर मशीन. कीबोर्ड बघितला आणि त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. बटणांच्या फटींत काहीतरी सुकलेलं होतं. पिवळं, चकचकीत, थरावर थर. गळ्याला भोक असलेला माणूस खोकला की काय कुठे उडतं, ते तुम्हीच समजा.

त्यानं वासाचा रुमाल नाकाला बांधला आणि बटण कोपरानं दाबलं. मशीन मेलेलं नव्हतं. चांगलं ठणठणीत सुरू झालं. पण पंखा फिरायला लागल्याबरोबर आतली घाण गरम झाली आणि तो कोमट वास भसकन तोंडावर आला. जणू कोणी जवळून उच्छ्वास सोडला.

टिचक्या खिडकीशी पळाला. खिडकीला बाहेरून खिळे मारलेले होते.

आता काम काय होतं ते दोन शब्दांत सांगतो. फ्लॉपी जिथे घालतात तिथे कापसाचा बोळा अडकलेला, म्हणजे तो रस्ता बंद. हार्ड डिस्क इतकी जुनी की ती हल्लीच्या कशालाच लागत नाही. अशा वेळी एकच उपाय. शेजारी दुसरं जुनं मशीन ठेवायचं, दोघांच्या मध्ये केबल लावायची आणि इकडच्या फाइली तिकडे वाहून न्यायच्या. त्या केबलची एक गंमत असते. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडावी लागते. बोलायच्या तारा समोरासमोर आल्या तर दोघंही बडबडतात आणि कोणीच ऐकत नाही.

काय म्हणालास? आमच्या घरातल्यासारखं? बरं, बस गप.

टिचक्या आपलं मशीन घेऊन गेला होताच. ते तिथेच टेबलावर मांडून, शेजारी बसून, दोन-तीन तासांत काम संपवायचं. सरळ हिशेब. पण त्या खोलीत दोन-तीन तास? त्याचं नाक तयार होईना. तेवढ्यात त्याला दिसलं, की मशीनच्या पाठीमागून एक लांब केबल निघालीय, भिंतीच्या कडेनं गेलीय आणि भोकातून पलीकडे उतरलीय.

"ती स्वयंपाकघरात जाते," बहीण दारातून म्हणाली. तीही आत येत नव्हती. "आवाज गेल्यावर बाबांनी स्वतः टाकली. तिकडे असंच दुसरं मशीन ठेवलंय. इथे टाइप केलं की तिकडे टिंग वाजायचं आणि पडद्यावर अक्षरं यायची. चहा हवा, पाणी हवं, असं. मी सुट्टीला आले होते तेव्हा मोठ्या हौसेनं दाखवलं होतं मला."

टिचक्याला देव भेटल्यासारखं झालं. त्यानं मीटर लावून केबल तपासली. टोकापासून टोकापर्यंत चोख. तारमास्तरांनी जोडलेली, खोट कशी असेल? मग त्यानं पेन्सिलच्या मागच्या टोकानं, बोट न लावता, कीबोर्डवर फाइली पाठवायचा हुकूम टाइप केला आणि स्वयंपाकघरात सटकला. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय.

स्वयंपाकघरातलं मशीन ओट्याच्या कडेला होतं. वर प्लॅस्टिकचं आच्छादन, आच्छादनावर रिकाम्या बरण्या, बरण्यांवर धूळ. ते सुरू झालं. अंधारात पडद्याचा हिरवट उजेड तेवढा. फाइलींची नावं मुंगीच्या पावलांनी एकेक करून येऊ लागली. टिचक्या स्टुलावर टेकला. नाकावरचा रुमाल त्यानं इथेही काढला नाही.

टिंग.

पडद्याच्या तळाशी एक पट्टी उमटली आणि बटणाची वाट बघत लुकलुकत राहिली. त्यानं एंटर दाबलं. पट्टी गेली.

थोड्या वेळानं पुन्हा टिंग. पुन्हा एंटर. हे लोक असेच असतात. मशीननं काही विचारलं की हो म्हणायचं आणि पुढे जायचं. वाचतो कोण? मीही वाचत नाही, तुम्हीही वाचत नाही. किती वेळा टिंग झालं आणि किती वेळा त्यानं एंटर दाबलं, त्याचं त्यालाच माहीत नाही. एका हातानं तो पिशवी आवरत होता, दुसऱ्या हाताचं एक बोट बटणावर.

बहीण बाहेरच्या टपरीवरून चहा घेऊन आली. कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"काका…"

"हं?"

"तुम्ही कशाला हो म्हणताय?"

"ते हेच विचारतंय, पुढे पाठवू का म्हणून."

"नाही काका. वाचा ना."

टिंग. टिचक्यानं पहिल्यांदा खाली बघितलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं, तारेसारखं तुटक, जेवढे शब्द कमी तेवढं बरं अशा हिशेबानं.

उशी सरकली आहे. पोहोच द्या.

टिचक्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. बहिणीच्या मात्र लगेच लक्षात आलं. वडलांची शिस्त तिला ठाऊक होती. पलीकडच्यानं मिळाली असं कळवल्याशिवाय तार कधी फाडायची नाही, ती जपून ठेवायची आणि पुन्हा पाठवायची. त्या कळवण्याला ते पोहोच म्हणत. तोच नियम त्यांनी घरातल्या मशीनला शिकवला होता. स्वयंपाकघरात कोणी बटण दाबलं नाही, की निरोप परत जाऊन त्यांच्या मशीनच्या पोटात बसून राहायचा.

"म्हणजे," टिचक्या सावकाश म्हणाला, "इकडचं मशीन इतके दिवस बंद होतं. ऐकणारा तयार नव्हता म्हणून तिकडचं थांबून राहिलं. आज मी हे सुरू केलं…"

"आणि सगळं यायला लागलं."

"ताई, जुनं आहे हे. साठलेलं. यात घाबरण्यासारखं काही नाही."

"मी घाबरले नाहीय," ती म्हणाली. "दाबा. पण आता वाचून दाबा."

तो वाचून दाबू लागला.

पाठ ओली झाली आहे. पोहोच द्या.

कूस बदला. पोहोच द्या.

कूस बदला. पोहोच द्या.

पाठीला काही चिकटले आहे. पोहोच द्या.

वास मलाच येतो आहे. क्षमा असावी. पोहोच द्या.

त्या 'क्षमा असावी'ला टिचक्याचं बोट अडखळलं. बहिणीनं ओट्याची कड घट्ट धरली होती.

खिडकी का लावली. माश्या आतच राहिल्या.

माशी भोकाशी बसते. हात उचलत नाही.

माशी आत गेली.

माशी आत गेली. पोहोच द्या.

पोहोच द्या.

पोहोच द्या.

टिचक्या उठला आणि मोरीत ओकला. चहा, दुपारचं जेवण, सगळं. तोंड धुवून परत आला तर ती तशीच उभी. रडत नव्हती. नुसती बघत होती.

टिंग… टिंग… टिंग. कोणी बटण दाबत नव्हतं, म्हणून मशीन पुन्हा पुन्हा वाजत होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

भाऊ खाली आला. झोपेतच होता म्हणा ना. डोळे अर्धे मिटलेले, लुंगी सावरत आलेला. हे दोघं अंधारात, फडताळाला टेकून. त्याला ते दिसले नाहीत. दिसायला त्यानं बघितलंच नाही. तो सरळ मशीनशी आला. चाचपडला नाही, अडखळला नाही. उजवा हात उचलला आणि पडद्याखालचं बटण बरोबर चिमटीत धरून फिरवलं. पडदा काळा झाला. मग हात मशीनच्या मागे गेला आणि आवाजाची कळही खाली केली.

"झालं सुरू पुन्हा," तो पुटपुटला. "गप पडा ना जरा. माणसांनी झोपायचं की नाही?"

आणि तो वर निघून गेला. वर खाट करकरली. थोड्याच वेळात घोरणंही ऐकू यायला लागलं.

बहीण अजून जिन्याकडेच बघत होती.

"हात किती सवयीचा होता, नाही काका?" ती म्हणाली.

टिचक्या मला सांगत होता, की मोरीत ओकलो ती किळस काहीच नाही. मृत माणसाची घाण ती, बिचाऱ्याचा काय दोष? पण तो गुबगुबीत, पावडर लावलेला हात पडद्याकडे जाताना बघितला आणि खरी शिसारी आली. आणि लगेच दुसरी आली, पहिलीपेक्षा वाईट. त्याला स्वतःचीच आली. वास नको म्हणून तोही त्या खोलीतून इथे पळून आला होता. टिंग वाजलं की तोही न वाचता बटण दाबत होता. त्या भावात आणि याच्यात फरक एवढाच, की याची रात्र पहिली होती.

त्यानं पडदा पुन्हा उजळला, आवाजाची कळही जराशी वर केली. उरलेले निरोप थोडे होते. सगळे एकाच शब्दाचे.

पाणी.

पाणी.

पाणी.

तो एकेकाला पोहोच देत गेला. मग पट्टी आली ती वेगळी होती: सर्व तारांना पोहोच मिळाली. वरच्या फाइलीही येऊन संपल्या होत्या. मशीन शांत झालं.

"संपलं ताई," तो हळूच म्हणाला. "एवढंच होतं आत. साठलेलं सगळं आलं."

तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

दोघं तसेच बसून राहिले. केबल काढायची, मशीन बंद करायचं, निघायचं. पण उठवेना.

आणि मग…

भिंतीपलीकडून आवाज आला. टक्. थांबून… चप्. पुन्हा टक्. चप्. टिचक्यानं लगेच ओळखलं. दाबलेलं बटण खालच्या चिकट थरातून सुटून वर येताना होतो तो आवाज.

टिंग.

इथे कोण आहे.

टिचक्यानं बहिणीकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे. त्या खोलीत कोणी नव्हतं. दार समोर होतं, उघडं. आत अंधार.

तिनं स्टूल ओढलं. कीबोर्डवर हात ठेवले. एका एका बोटानं टाइप केलं. मी. चिमणी.

काही नाही.

काही नाही…

टक्. चप्. टक्. चप्.

जेवलीस का.

तिच्या तोंडून काहीतरी निसटलं, हसू की हुंदका कळलं नाही. तिनं लिहिलं, हो बाबा. तुम्हाला काय हवं?

आता उत्तर लगेच आलं.

पाणी.

ती उठली. बरण्यांमागे राहून गेलेला एक स्टीलचा पेला होता, तो घेतला. नळाखाली धरला.

"ताई, नको," टिचक्या म्हणाला. "ताई…"

तिनं ऐकलं नाही. पेला दोन्ही हातांत धरून ती खोलीकडे गेली. नाकाला ओढणी लावली नाही. दारात थांबली नाही. आत गेली. दिसेनाशी झाली.

टिचक्या एकटा.

पडदा हिरवा.

वर घोरणं.

टिंग.

तिथला माणूस नाक धरून का बसला आहे.

त्याचा हात नाकाकडे गेला. रुमाल. अजून बांधलेला. त्याला तो सोडता येईना. गाठ सुटेना. त्यानं ओरबाडून काढला.

आणि तेव्हा त्याला ऐकू आलं. खोलीतून.

घुटका.

मग शिट्टीसारखी हवा. गळ्याच्या भोकातून निघावी तशी. ओली.

घुटका…

हवा…

घुटका…

मग ते थांबलं.

ती बाहेर आली. चेहरा शांत. पेल्यात पाणी अर्धं. तिनं पेला ओट्यावर ठेवला.

"प्यायले," ती म्हणाली.

दोघं उजाडेपर्यंत तिथेच बसले, आणि मशीन पुन्हा वाजलं नाही.

सकाळी भंगारवाला आला. त्यानं दोन्ही मशीन उचलली, भिंतीतली केबल ओढून काढली, तिचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि गेला. टिचक्यानं पहाटे ओट्यावरच्या मशीनमधून फाइली उतरवून घेतलेल्या फ्लॉप्या बहिणीपुढे धरल्या. तिनं त्या घेतल्या, पण बघितल्याही नाहीत.

भाऊ ताजातवाना होऊन खाली उतरला. ओट्याशी आला आणि दोन पावलं मागे सरकला.

"शी! हे काय? कोणी थुंकलं ह्यात?"

पेल्याच्या काठावर एका बाजूला ठसा होता, ओठांएवढा. पिवळा, चिकट, तार सुटेल असा. टिचक्या म्हणतो, अंधारात दिसला नव्हता, उजेडात नजर हटेना. भावानं दोन बोटांच्या चिमटीत पेला धरून तो नळाखाली नेला. साबण लावला, घासणीनं घासला. पाणी ठशावरून वाहून गेलं. ठसा जागच्या जागी.

"फेकून दे हा," तो म्हणाला. त्याला उबळ आली होती. "मला असलं बघवत नाही."

बहिणीनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

"राहू दे दादा. तुला किळस येते." मग पेला पुसत पुसत, अगदी साध्या आवाजात, तिनं विचारलं, "झोपेतच गेले ना रे बाबा?"

भाऊ नळ बंद करत होता. बंद झालेलाच नळ तो पुन्हा पुन्हा पिळत राहिला.

"हो," तो म्हणाला. "झोपेतच."

तिनं मान हलवली. पेला ओढणीच्या टोकात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला, टिचक्याला वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. भावाचा निरोप घेतला नाही. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं झालं नाही म्हणतात.

टिचक्यानं ते काम नंतर सोडलं नाही. पण आता तो मशीन असेल त्या खोलीतच बसतो, खोली कशीही असो. रुमाल एकच बाळगतो, घामाचा. त्यातल्या त्यात एवढं तरी बरं झालं.

मध्ये दोन उन्हाळे गेले. एका दुपारी त्याला फोन आला. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून सांगतो. त्यानं नंबर ओळखला नाही, पण आवाज ओळखला. मी कान दिला. पेल्यावरच्या ठशासाठी काय काय करून बघितलं ते ती सांगत होती. पेला गच्चीवर कडक उन्हात ठेवून बघितला. विस्तवावर धरून बघितला. कपाटात बंद करून सहा महिने विसरून जाऊन बघितला. टिचक्या नुसता हं हं करत होता, आणि त्याचा रंग उतरत चालला होता.

मग म्हणाली, "काका, हे वाळत का नाही हो?"